आपल्या घरांतील गादीचा इतिहास

आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदा मला स्मरणिकेसाठी ‘काहीतरी ऐतिहासिक’ लिहून द्या असे सांगितले, तेव्हा मी हसून तो विषय टाळला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या, एवढेच शाळेत कानांवर पडले. त्यातून मध्यंतरी मान आणि पाठ यांच्या दुखण्याने मी इतकी बेजार झाले होते की, मंडळाच्या हळदीकुंकवाला सतरंजीवर मांडी घालून बसणेही मला होईना. त्या दुखण्यापायी मी गादीच्या मागे लागले. कठीण घ्यावी की मऊ, कापसाची की काथ्याची, याची चौकशी करता करता असे ध्यानात आले की, आपल्या अंथरुणालाही इतिहास आहे आणि तो फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी चिटणीसबाईंना होकार कळविला. भगिनींनी चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

गादी हा शब्द आपल्याकडे फार मोठा आहे. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी, सराफाच्या पेढीवरची गादी. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन १८०१ साली मिरजेहून वेगळे होऊन येथे आले, तेव्हा सांगलीलाही स्वतःची गादी मिळाली. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केली आणि सांगली संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. या गाद्यांचा इतिहास मुलांच्या पुस्तकांत आहे. त्यात एक गंमत मला नेहमी वाटते. राजाराममहाराजांच्या मागे १७०० सालापासून राज्य राखले ते महाराणी ताराबाईंनी. पण गादीवर बसविले ते लहान मुलाला. गादी सांभाळणे बाईकडे आणि गादीवर बसणे दुसऱ्याकडे, ही रीत राजवाड्यातलीच होती असे मात्र नाही. ते पुढे येईलच.

माझे माहेर माण तालुक्यातले, सातारा जिल्ह्यातले. १९४९ पर्यंत इकडचाही पुष्कळसा मुलूख साताऱ्यातच होता; पुढे तो दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली जिल्हा असे नाव मिळाले. तेव्हा माझे सासर-माहेर एकाच जुन्या जिल्ह्यातले म्हणावयास हरकत नाही. आमच्या माणदेशात पाऊस कमी, माळ पुष्कळ आणि मेंढरे त्याहून पुष्कळ. त्यामुळे आमचे मूळ अंथरूण म्हणजे घोंगडे. धनगरांनी लोकर कातरायची, बायकांनी ती पिंजून सूत काढायचे आणि सनगरांनी मागावर विणायचे. विणून झाले की चिंचोक्याची खळ लावावयाची. त्या खळीने नवे घोंगडे असे ताठ होते की, प्रथम प्रथम ते अंगाला नुसते टोचते. म्हसवडच्या बाजारात माझे वडील घोंगडे घेताना ते मुठीत चुरगाळून पाहत असत. तेच इकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतही.

घोंगड्याला आपल्या समाजात मान आहे. लोकर ओवळी होत नाही असे जुनी माणसे मानीत. म्हणून देवाच्या जागराला घोंगडे, जाणत्या पाहुण्याला बसावयास घोंगडे. आणि म्हणूनच चार दिवस बाजूला बसणाऱ्या बाईलाही घोंगडेच. आजी सांगे की, ओसरीच्या कोपऱ्यात, शेणाने सारवलेल्या गार भुईवर एकेरी घोंगडे टाकून त्या चार रात्री काढायच्या. कंबर ज्या दिवसांत सर्वांत अधिक दुखते त्याच दिवसांत अंथरूण सर्वांत कठीण. आजी हे तक्रार म्हणून सांगत नसे. पाऊस कसा पडतो ते सांगावे तसे सांगे.

दुसरे अंथरूण वाकळ. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे सात-आठ पदर एकावर एक घालून, चारी बाजूंनी आत आत वळत जाणारे टाके घातले की वाकळ तयार होते. वाकळेचे कौतुक हल्ली शहरांतून फार होते, प्रदर्शनांत ती भिंतीवर टांगतात. ऊब तिला खरोखरच असते आणि आईच्या लुगड्याचा वासही असतो. परंतु पाठीच्या दृष्टीने पाहाल तर वाकळ आणि भुई यांत फरक थोडाच. कुशीवर निजले की खांदा आणि कमरेचे हाड जमिनीला लागते. तरुणपणी ते कळत नाही. पन्नाशीच्या आसपास कळू लागते.

तिसरी बाज. सुंभाने विणलेली बाज नवी असताना उत्तम. वारा खेळतो, ढेकूण झाले तर उन्हात उभी करून वर आधण ओतता येते. पण सुंभ सैल पडला की बाजेची झोळी होते आणि माणूस त्यात पाळण्यातल्या मुलासारखे दुमडून जाते. जुन्या घरात दर महिना-पंधरवड्याला पायथ्याची दोरी ओढून बाज ताणून घेण्याचे काम असे, आणि ते गड्याचे किंवा पोरांचे. बाजेवर बाईचा हक्क एकदाच, बाळंतपणात. खाली शेगडी, तीवर ओवा-शेपांची धुरी आणि वर बाळंतीण. सव्वा महिना झाला की बाज पुन्हा ओसरीवर जाई आणि बाई पुन्हा भुईवर.

आता कापसाच्या गादीकडे येते. याविषयी मला जरा सविस्तर लिहावयाचे आहे, कारण ही गादी करणारी माणसे आता फारशी दिसत नाहीत.

माझे लग्न होऊन मी सांगलीस गावभागात आले तेव्हा दिवाळीच्या आधी पिंजारी येत असे. खांद्यावर माणसाएवढे लांब धनुष्य, त्यास तातीची दोरी, हातात लाकडी ठोकळा. ‘टंव् टंव्’ असा आवाज बोळाच्या तोंडाशी आला की सासूबाई मला हाक मारीत, “अगं, तो पुढे जाईल, लवकर बोलाव.” मग अंगणात गादी उसवली जाई. वर्षभर अंगाखाली दबून कापसाचे गठ्ठे झालेले असत, काही तर दगडासारखे. पिंजाऱ्याने प्रथम ते हाताने सोडवायचे, धूळ झटकायची, मग धनुकलीची दोरी त्या ढिगात धरून ठोकळ्याने छेडायची. दोरी थरथरली की कापसाचे तंतू सुटे होऊन उडत आणि तासाभरात मूठभर गठ्ठ्याचा पाटीभर ढीग होई. सगळे अंगण पांढरे, पिंजाऱ्याच्या भुवयाही पांढऱ्या.

त्या आधी कापूस तोलून द्यावयाचा आणि नंतर तोलून घ्यावयाचा, अशी उभयपक्षी रीत होती. धुळीची घट वजा जाता हिशेब जुळला की सर्वांचे समाधान. मग पट्ट्यापट्ट्याच्या जाड कापडाची खोळ उलटी पसरून तीवर कापूस थराथराने मांडायचा, कडेला जास्त दाबून, मध्ये सारखा. खोळ उलटवून, काठीने थापटून, लांब दाभणाने आरपार टाके घातले की गादी झाली. ते टाके नसतील तर कापूस एका बाजूस गोळा होतो.

यातली खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. पिंजारी मांडणीच्या वेळी विचारीत असे, “कोण निजतं हिच्यावर? अंगानं कसं आहे?” जड माणसाच्या गादीत तो कमरेच्या जागी कापूस अधिक भरी. म्हातारे माणूस असेल तर वरचा थर सैल ठेवी. म्हणजे ही गादी शिंप्याने मापाने चोळी शिवावी तशी माणसाच्या मापाने होत असे आणि दरवर्षी माप पुन्हा घेतले जाई. उशीला मात्र तो आपला कापूस वापरू देत नसे. उशीला काटेसावरीचा कापूस हवा, असा त्याचा हट्ट. सावरीचा कापूस हलका आणि निसरडा, गठ्ठे लवकर होत नाहीत, मानेला बरा.

परंतु “कोण निजतं हिच्यावर?” या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर ठरलेले होते. सासूबाईंचे लग्न १९७२ च्या दुष्काळी वर्षातले. तशा दिवसांतही त्यांच्या वडिलांनी लेकीबरोबर दहा किलो कापसाची गादी पाठविली. ती गादी ज्या दिवशी आली त्याच दिवशी सोप्यातल्या पलंगावर मामंजींसाठी गेली. सासूबाई माजघरात वाकळेवर. यात मामंजींचा दुष्टपणा मुळीच नव्हता. ते फार सज्जन गृहस्थ होते. गादी पुरुषाची किंवा पाहुण्याची, एवढेच सर्वांना ठाऊक होते. दिवाळीत ती उसवायची, ऊन द्यायची, झोडपायची, तिची खोळ धुवायची, हे सर्व सासूबाईंनी चाळीस वर्षे केले. तिच्यावर त्या निजल्या नाहीत.

विधवेने पलंगावर निजू नये, भुईवर निजावे, असा दंडक आपल्या जुन्या धर्मग्रंथांत सांगितलेला आहे आणि आपल्या आजी-पणजींपैकी कित्येकींनी तो पाळला. आमच्या घरी उलटे झाले. मामंजी २०१२ मध्ये गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर आमच्या ह्यांनी आईला सोप्यातल्या पलंगावर निजावयास सांगितले, आणि सासूबाई स्वतःच्या माहेरच्या गादीवर प्रथमच निजल्या. तोपर्यंत त्यांची पाठ पुढे वाकली होती.

जुन्या पिढीतल्या बायकांशी मी या निमित्ताने बोलले. पुष्कळजणींनी सांगितले की, फक्त आपल्यासाठी म्हणून अंथरलेली गादी त्यांना प्रथम मिळाली ती दवाखान्यात. मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे इस्पितळ काढले आणि तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे रोगी तेथे येऊ लागले. लोखंडी खाट, वर गादी, वर पांढरी चादर. एक वृद्ध बाई मला म्हणाल्या, “ऑपरेशनचं दुखलं, पण दहा दिवस पाठ टेकली.” मी यावर काय बोलणार?

आता रबराचा काळ. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला, त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात डनलॉप कंपनीच्या माणसांनी रबराचा चीक फेसून त्याची स्पंजासारखी गादी केली. आपल्याकडे ती आली आणि तिचे नावच ‘डनलॉप’ पडले. मग कंपनी कोणतीही असो, मऊ गादी म्हणजे डनलॉप. नारळाच्या काथ्याला रबराचा चीक लावून, दाबून केलेल्या गाद्या निघाल्या. त्या आजही मिळतात. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जे रसायन शोधले त्यापासून पुढे स्वस्त फोम निघाला. आणि ‘मेमरी फोम’ म्हणून जो दुकानदार मोठ्या कौतुकाने दाखवितो, तो १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी, विमानाच्या आसनांकरिता केलेला. अंगाच्या उष्णतेने तो दबतो आणि सावकाश वर येतो. आपल्या उन्हाळ्यात तो गरम होतो, हे दुकानदार सांगत नाही.

या गाद्यांना पिंजावे लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण गठ्ठे झाले तरी कापूस पुन्हा मोकळा करता येतो. फोम एकदा बसला की बसला. तो टाकूनच द्यावा लागतो. मधल्या काळात पिंजाऱ्यांच्या मुलांनी यंत्रे घेतली, रस्त्याच्या कडेला ‘गादी कारखाना’ अशी पाटी लावली, आणि धनुकलीचा आवाज बोळातून गेला.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आपणांपैकी कोणालाही तो नव्याने सांगावयास नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांवर गेले की धोका समजतात. त्या वेळी ते ५७ फुटांच्याही वर गेले. आम्ही हाती लागले ते घेऊन एका शाळेत गेलो. आठ दिवसांनी परतलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ आणि सोप्यात पलंगावर ती गादी. कापसाने किती पाणी प्यावे! चौघांना ती उचलेना. शेवटी ह्यांनी ती विळ्याने फाडली आणि पाट्या भरभरून कापूस बाहेर काढला. रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाद्यांचे ढीग होते, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचा कुबट वास पुढे कित्येक दिवस नाकातून जाईना. सासूबाई भांडी वाहून गेली म्हणून रडल्या नाहीत, धान्य कुजले म्हणून रडल्या नाहीत. त्या गादीपाशी बसून रडल्या. मला त्या वेळी राग आला होता, हे मी कबूल करते. इतके नुकसान झाले आणि म्हातारी कापसासाठी रडते, असे मनात आले.

पुरानंतर गाद्यांची टंचाई झाली होती. आम्ही घाईने, स्वस्तात मिळाल्या म्हणून, फोमच्या दोन गाद्या घेतल्या. गाळ उपसून माझी पाठ आधीच धरली होती. त्या गादीवर सहा-आठ महिन्यांत कमरेच्या जागी खड्डा पडला. सकाळी उठताना मी पलंगाची कड धरून उठे, आणि मान तर उजवीकडे वळेचना. मिरजेच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितले, “हाडाला काही नाही. गादी काढून टाका, फळीवर निजा.” मी फळीवर सतरंजी टाकून तीन महिने काढले. कंबर थोडी सुधारली, पण खांदे आणि कुल्ल्याची हाडे रात्रभर ठणकत. डॉक्टरांकडे पुन्हा गेले तर ते म्हणाले, सवय होईल. ती झाली नाही.

फळीचा हा उपदेश आला कोठून, हे मला आमच्या भाचीने समजावून दिले. ती मिरजेस फिजिओथेरपीचे शिक्षण घेते. फळी आपल्याकडे नवी नाही. सुश्रुताने मांडीचे, कमरेचे किंवा पाठीच्या कण्याचे हाड मोडले असता रोग्याला फळीवर निजवून, खुंट्यांना बांधून, हलू न देण्यास सांगितले आहे; त्यास तो कपाटशयन म्हणतो. पण ते मोडलेल्या हाडासाठी. पुढे कण्याच्या क्षयावर औषध नव्हते त्या काळात रोग्यांना महिनेच्या महिने प्लास्टरच्या साच्यात किंवा कठीण बिछान्यावर निश्चल ठेवीत. आपल्या वॉनलेसवाडीस क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते, त्यामुळे क्षयाची आणि सक्त विश्रांतीची आठवण सांगली-मिरजेच्या लोकांना चांगली आहे. औषधे निघाल्यावर ते सर्व बदलले. मद्रासला १९५९ मध्ये असे दिसून आले की, फुप्फुसाच्या क्षयाचे जे रोगी गोळ्या घेऊन आपल्या घरी राहिले, तेही आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे झाले. कण्याच्या क्षयाबाबत कोरियात १९७३ मध्ये हेच दिसले. औषध चालू असेल तर सहा महिने निजून राहिल्याने अधिक लाभ नाही. रोग गेला, औषध आले, पण फळी तेवढी मागे राहिली आणि साध्या पाठदुखीच्या नशिबी आली, असे माझे मत झाले आहे.

साध्या पाठदुखीचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये दोन दिवस विश्रांती घेणारे आणि सात दिवस घेणारे रोगी ताडून पाहिले, गुण सारखाच. फिनलंडमध्ये १९९५ साली तर निजून राहणाऱ्यांपेक्षा बेताने आपले काम करीत राहणारे लवकर सुधारले. आणि गादीसंबंधी जो प्रयोग मला हवा होता तो स्पेनमध्ये डॉक्टर कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ नावाच्या वैद्यकीय पत्रात तो छापून आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ माणसांपैकी काहींना कठीण गादी दिली आणि काहींना मध्यम. कोणाला कोणती, हे त्यांस सांगितले नव्हते. ९० दिवसांनी पाहिले तर मध्यम गादीवाल्यांचे निजतानाचे दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दिवसाची अडचण, तिन्ही अधिक कमी झालेली. भाचीने हे वाचून दाखविले तेव्हा सासूबाई जवळ गहू निवडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पिंजारी काय वेगळं सांगत होता?”

मध्यम म्हणजे काय, हे मात्र प्रत्येकीने आपल्या अंगाने ठरवावयाचे आहे. दुकानात गादीवर नुसते बसून, हाताने दाबून काही कळत नाही. लाज न धरता आडवे व्हावे, ज्या कुशीवर आपण निजतो त्या कुशीवर व्हावे, आणि निदान दहा-पंधरा मिनिटे तरी राहावे. मी चार दुकाने हिंडले. एका दुकानातील पोरगा तोंड फिरवून हसला; मी हसू दिले. उताणे निजून कमरेखाली हात घालून पाहावा. हात सहज आरपार गेला तर गादी फार कठीण. कंबर बुडून हात मुळीच जात नसेल तर फार मऊ. दुकानदार ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ असे आकडे सांगतात. ते फोमच्या वजनाचे आकडे आहेत. अधिक आकड्याचा फोम सहसा अधिक टिकतो, पण म्हणून तो कठीणच असेल असे नाही. ‘ऑर्थो’ हे नाव कारखानदाराने ठेवलेले असते; डॉक्टरने दिलेला तो दाखला नव्हे.

मानेचे दुखणे गादीपेक्षा उशीवर अधिक. मी दोन उशा घेऊन निजत असे आणि मान का दुखते म्हणून विचारीत असे! कुशीवर निजणारीला खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंतची पोकळी भरेल एवढी उशी हवी, उताणे निजणारीला त्याहून पातळ. गुडघ्यांत एक लहान उशी घेतली की कंबर पिळली जात नाही. हा उपाय फुकटचा आहे, आजच करून पाहावा.

हेही सांगितले पाहिजे की, हातापायांना मुंग्या येऊन शक्ती जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, रात्री दुखण्याने जाग येऊन बरोबर ताप किंवा वजन घटणे असेल, तर गादीच्या दुकानात जाऊ नये, दवाखान्यात जावे. कण्याचा क्षय आपल्या देशातून गेलेला नाही. आणि माझ्या दुखण्यात निम्मा वाटा भाचीने लावून दिलेल्या व्यायामाचा आणि रोजच्या चालण्याचा आहे. सगळे श्रेय गादीला दिले तर ती मला रागावेल.

पैशांचे सांगावयाचे राहिले. २०२२ मध्ये माझी भिशी लागली. नव्या गादीचे मी घरात काढले तेव्हा आमचे हे म्हणाले, “तीन वर्षांपूर्वीच तर गाद्या घेतल्या.” ते खोटे नव्हते. मी गप्प बसले असते. आजवर बसतच आले आहे. पण सासूबाई आतून म्हणाल्या, “तिची भिशी, तिची पाठ. तिला बघू दे.” सासूबाईंच्या तोंडून असे काही मी पंचवीस वर्षांत प्रथमच ऐकले.

मन माझे कापसाच्या गादीवर होते. पण कापसाची गादी आठ-दहा किलोंची. ती उन्हात टाकायची, उलटायची, झोडपायची. ज्या पाठीसाठी गादी घ्यावयाची तीच पाठ ती उचलताना जायची. म्हणून मी स्वतःसाठी काथ्याची चार इंची, वर दोन इंच मऊ थर असलेली गादी घेतली आणि खाली सलग प्लायवूड घातले. महिना-दीड महिन्याने सकाळची कड धरणे सुटले. मान पूर्ण वळावयास आणखी वेळ लागला.

उरलेल्या पैशांत सासूबाईंसाठी कापसाचीच गादी करून घेतली. कारखान्यातला मुलगा आमच्याकडे येणाऱ्या पिंजाऱ्याचाच नातू निघाला. त्याने यंत्रावर कापूस पिंजला, मांडणी हाताने केली. मांडताना त्याने विचारले, “कोण निजणार?” सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या, “मी.” मग त्यांनी आपली वाकलेली पाठ त्याला दाखविली आणि कोठे भर पाहिजे ते बोटाने सांगितले.

ती गादी उन्हात टाकावयाचे काम आता माझ्या मुलाकडे आहे. यंदा दिवाळीपूर्वी ती पुन्हा पिंजून घ्यावयाची. कापूस देताना तोलून दे आणि घेताना तोलून घे, असे सासूबाईंनी मला आतापासून दोनदा बजावले आहे.